डेल्गाडो, सांतोस आणि त्यांचा जनरल

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात माझं पोस्टिंग कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या एका आर्मी बेसवर होतं. मी मूळचा नागपूरचा. वडील डॉक्टर म्हणून ओहायोत डब्लिनला आले आणि मी कॉलेज अर्धवट सोडून आर्मीत गेलो. तेव्हा स्टाफ सार्जंट होतो. माझ्या सेक्शनमध्ये दोन फिलिपिनो होते, सार्जंट रमोन डेल्गाडो आणि कॉर्पोरल सांतोस.

सकाळी पीटी, मग गाड्यांची देखभाल, आणि जेवताना या दोघांचं भांडण. विषय एकच. त्यांच्या देशातल्या क्रांतीचा एक जनरल. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी तो आधी स्पेनशी लढला, नंतर अमेरिकेशी.

डेल्गाडो म्हणायचा, "माझे आजोबा शेवटपर्यंत त्याच्या शेजारी उभे होते. तो नसता तर आम्हाला देशच नसता."

सांतोस म्हणायचा, "माझ्या पणजोबांना त्याच्याच माणसांनी हात बांधून नेलं. गद्दार म्हणाले. प्रेतसुद्धा मिळालं नाही."

एकदा आमच्या लेफ्टनंटने ऐकलं. "म्हणजे हा जनरल आपल्याच आर्मीवर गोळ्या झाडत होता?"

"येस सर," दोघं एकदम म्हणाले.

लेफ्टनंट माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? दोघंही खरं बोलतायत असं वाटायचं, आणि दोन्ही खरं कसं असेल ते उमगायचं नाही.

त्या ऑगस्टमध्ये फील्ड एक्सरसाइज होती. दुपारी लांबच्या डोंगरावर पाऊस दिसत होता, आमच्यावर कडक ऊन. आमचे दोन ट्रक एका कोरड्या ओढ्यातून निघाले. माझा ट्रक पार झाला. मागचा सांतोस एकटा चालवत होता. आधी आवाज आला, मग पाणी. ट्रक आडवा होऊन खडकाला अडकला.

मी रेडिओवर ओरडलो, "सांतोस, बाहेर पड!"

"पाय अडकलाय, सार्ज."

डेल्गाडो माझ्याच ट्रकमध्ये होता. त्याने कमरेला दोर बांधला.

"थांब, ट्रकची विंच लावून ओढू," मी म्हणालो.

"वेळ नाही," म्हणाला आणि उतरला.

त्याने सांतोसचा पाय सोडवला. दोर एकच होता. तो त्याने स्वतःच्या कमरेचा काढून सांतोसला बांधला आणि हात वर केला. आम्ही ओढलं. सांतोस काठाला लागला आणि ट्रक उलटला. डेल्गाडो संध्याकाळी सापडला, बराच खाली.

अंत्यविधी स्टॉकटनला, त्याच्या गावी झाला. सांतोस कुबड्यांवर आला होता. नंतर डेल्गाडोच्या वडिलांनी आम्हाला घरी नेलं. आयुष्यभर शेतमजुरी केलेले सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी सांतोसला शेजारी बसवलं.

"तुम्ही जनरलवरून भांडायचात ना?"

"हो, सर."

"माझे वडील शेवटपर्यंत त्याच्या शेजारी नव्हते. मध्येच पळून आले. एका माणसाला हात बांधून नेताना पाहिलं, ते त्यांना सहन झालं नाही. रमोनला मी वेगळं सांगितलं. परक्या देशात वाढत होता, काहीतरी अभिमानाचं हवं होतं त्याला."

"कोणाला नेलं?" सांतोसने विचारलं.

"नाव कधी सांगितलं नाही." ते म्हणाले. "आणि तरीही कोणी जनरलला शिवी दिली की माझे वडील ताटावरून उठायचे. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही."

सांतोस बाहेर पोर्चवर गेला. मी मागोमाग गेलो. तो रस्त्याकडे बघत होता.

"सार्ज," तो म्हणाला, "आता मी भांडू कोणाशी?"



आता रिटायर होऊन अ‍ॅरिझोनात चँडलरला असतो. इथल्या मराठी मंडळातली मुलं विचारतात, "काका, डिड यू सी अ वॉर?" नाही पाहिलं. मग मी त्यांना डेल्गाडोबद्दल सांगतो. सव्वीस वर्षांचा होता. मोठ्याने हसायचा. त्याला पोहता येत नव्हतं. सेक्शनमध्ये सगळ्यांना ते माहीत होतं.