खोट्याला घाई हाय

बोईसरच्या आमच्या औषध कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हाचे हे स्टोअरमधले काका. सातपाटीहून यायचे. खुर्चीत बसले की आधी स्वतःचं नाव टाइप करायचे आणि बोटं उचलून थांबायचे. "खरा स्क्रीन दमानं पासवर्ड इचारतो," मला सांगायचे. "लगेच इचारला, तर कुनीतरी खोटा लावून ठेवलाय. खोट्याला घाई हाय." पासवर्ड टाकताना ते सगळ्यांना म्हणत, "जरा तिकडं बघा." मला मात्र कधीच नाही.

मी टेम्पररी होतो. नवे साहेब एकदा हळूच म्हणाले, काकांचा पासवर्ड आणून दे, तुझं पर्मनंटचं बघतो. कशाला हवा, ते मी विचारलं नाही. समोर उभं राहून त्यांच्या बोटांकडे बघायला जीव धजेना, म्हणून हुबेहूब खऱ्यासारखा स्क्रीन बनवला. त्यावर टाइप केलेलं सगळं माझ्या फाइलीत येणार होतं. दमानं विचारायचं तेवढं राहून गेलं.

तो लावला त्या सकाळी काकांच्या मशीनवर माझ्याशिवाय कुणी बसलं नव्हतं. काका आले, नाव टाकलं, थबकले. मग काहीतरी टाइप केलं, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि चहाला गेले. मी फाइल उघडली. पासवर्डच्या जागी माझं नाव होतं.

दुपारी त्यांनी डबा उघडला आणि सुक्या बोंबलाची चटणी नेहमीसारखी माझ्या भाकरीवर वाढली. "जेव," म्हणाले. मग हात धुऊन मशीनसमोर बसले, नाव टाकलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जरा तिकडं बघ."