मार्गळीतले कोरे उंबरे

ते प्रकरण आठवलं की आजही मला सकाळची कॉफी कडू लागते. बायको म्हणते, साखर तळाशी बसली असेल, नीट ढवळा. ढवळून काय होणार, कप्पाळ!

मी तेव्हा चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत पोलीस निरीक्षक होतो. आमचं घराणं तंजावरचं, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं, तरी घरात मराठी टिकवून असलेलं. या हकीकतीत मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. जो गेला त्याच्या घरच्यांना आणखी त्रास नको आणि जे सुटले त्यांना फुकटची प्रसिद्धी नको.

महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. अशा दिवसांत पोलीस ठाण्यात खऱ्या चोऱ्यामाऱ्यांना कुणी विचारत नाही. तुमच्या झेंड्याचा खांब आमच्यापेक्षा उंच का, यावरून डोकी फुटतात. नेत्याच्या बॅनरला कोणी शेण फासलं म्हणून शंभर माणसं दारात बसतात. अशाच एका दुपारी साठीच्या घरातल्या एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली आणि एकदम आमच्या तंजावरी मराठीत बोलू लागल्या. त्यांचं बोलणं मी इथे सगळ्यांना कळेल असंच लिहितो.

"अण्णा, आपलीच माणसं हो तुम्ही! आमचे हे पहाटे समुद्रावर फिरायला गेले ते आलेच नाहीत."

'हे' म्हणजे निवृत्त शिक्षक. सगळा वॉर्ड त्यांना मास्तर म्हणायचा. मी बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवून घेतली, वर्णन लिहिलं, फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला. मग विचारलं, कुणाशी वैर?

वैर होतं. मास्तरांच्या गल्लीच्या टोकाला महापालिकेचा एक मोकळा तुकडा होता, त्यावर सगळ्यांचा हातपंप. एका पक्षाच्या वॉर्ड सेक्रेटरीनं तो पंप उपटून तिथे 'पडिप्पगम' बांधायला घेतलं होतं. पडिप्पगम म्हणजे नावाला वाचनालय. आत दोन वर्तमानपत्रं, एक कॅरम बोर्ड आणि दिवसभर बसून गल्लीवर नजर ठेवणारी पक्षाची पोरं. मास्तरांनी वरपर्यंत तक्रारी केल्या. शेवटी जाहीर करून टाकलं की मी अपक्ष उभा राहतो. निवडून येणं कठीणच होतं, पण गल्लीची मतं ते नक्की फोडणार होते. त्या सेक्रेटरीला स्वतःला नगरसेवक व्हायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी ठाण्यात फोन आला. मास्तरांना हातात पिशवी घेऊन तंजावरच्या बसमध्ये चढताना पाहिलं, असं एकानं सांगितलं. झालं! गल्लीभर बातमी पसरली की मास्तर घाबरून गावी पळाले. मी एका उपनिरीक्षकाला तंजावरला पाठवलं. तिथे त्यांच्या नातेवाइकांनाच उलट धक्का बसला. इकडे मास्तरांच्या मोबाइलची माहिती आली. फोन बंद होईपर्यंत तिरुवल्लिकेणीच्या बाहेर गेलाच नव्हता. गल्लीच्या तोंडावरचा कॅमेरा पाहावा म्हटलं, तर त्याच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा बॅनर लावलेला. कॅमेऱ्यात काय दिसलं? नेत्याच्या बॅनरची उलटी बाजू.

फोन करणाऱ्याला आम्ही शोधून काढलं. हा तर बॅनर बांधणारा गडी. ठाण्यात आणून बसवला, पाणी दिलं आणि तासभर त्याच्याशी कोणीच बोललं नाही. हा माझा जुना उपाय. माणूस एकटा बसला की स्वतःशीच बोलायला लागतो आणि मग त्याला दुसरं कोणीतरी हवं असतं.

"बस कुठल्या रंगाची होती?" मी विचारलं.

"हिरवी, सार. नाही, निळी."

"तू बस पाहिलीस का रे बाबा?"

त्यानं मान खाली घातली. सेक्रेटरीनं सांगायला लावलं, एवढं कबूल केलं. त्यापुढे त्याला काहीच ठाऊक नव्हतं आणि ते खरं होतं.

सेक्रेटरीला बोलावलं. पांढरा शर्ट, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, कपाळाला विभूती, सोबत वकील. बसल्याबरोबर हात जोडले.

"सार, मास्तरांच्या हाताखाली शिकलोय मी. अक्षर त्यांनीच वळवून दिलं."

"मग खोटा फोन कशाला करवलास?"

"अम्मा रडत होत्या. कुठेतरी सुखरूप आहेत असं कळलं तर धीर येईल, म्हणून. चूक झाली, सार."

असं सांगताना त्याचे डोळे खरोखर भरून आले. तीस वर्षांत मी खूप खोटी रडणी पाहिली होती, हे त्यांतलं उत्तम होतं. अंगावर चढून जावंसं वाटलं. पण हातात पुरावा काय? काहीच नाही. वरून फोनही येऊ लागले होते. त्याला सोडावं लागलं.

बाई रोज ठाण्यात यायच्या. बाकावर बसायच्या आणि निघताना विचारायच्या, "आज काही कळलं, अण्णा?" मी 'शोध चालू आहे' म्हणायचो. आमच्या खात्याचं हे वाक्य किती निर्दय आहे, ते त्यांच्या तोंडाकडे पाहून मला कळायचं.

शेवटी मी ठरवलं, मास्तर ज्या वेळी निघाले त्याच वेळी त्यांच्या गल्लीतून समुद्रापर्यंत स्वतः चालून पाहायचं. मार्गळीचा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतला महिना होता. या महिन्याची चेन्नईतली पहाट ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. आम्ही घरी रांगोळी म्हणतो, गल्ली कोलम म्हणते. एरवी दारात चार रेघा असतात, मार्गळीत मात्र दारादारांत चढाओढ लागते. अंधारातच बाया उंबऱ्यापुढे पाणी शिंपतात आणि रस्ता अडेल एवढी कोलमं घालतात, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल. दुचाकीवाले शिव्या देत कडेकडेनं जातात.

शेजारच्या गल्लीतून मी असाच पाय जपत आलो आणि मास्तरांच्या गल्लीत वळलो. एकही कोलम नाही. दारं उघडी होती, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, पाण्याच्या रंगीत घागरी भरून ठेवल्या होत्या. उंबरे मात्र कोरे. आमची माणसं यायची ती दुपारी, संध्याकाळी, तेव्हा सगळीकडेच कोलमं पुसट झालेली असतात. त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

फक्त एका दारात कोलम होतं. मोठं, ठसठशीत, मध्ये फूल खोचलेलं. ते मास्तरांचं दार.

बाई उंबऱ्यात बसल्या होत्या. "हे येतील तेव्हा दार असं ओकंबोकं दिसायला नको," त्या म्हणाल्या. मग गल्लीकडे बोट करून, "पाहिलंत ना? कुणी कोलम घालत नाही, माझ्या दुःखात आहेत म्हणून. फार चांगली माणसं आहेत हो. मी सांगून आले, असं करू नका, अपशकुन होतो. बिचाऱ्या माना खाली घालतात."

लहानपणी तंजावरला आजीनं सांगितलेलं मला ठाऊक होतं. गल्लीत प्रेत असेल तर ते उचलेपर्यंत कुणाच्याही दारात रांगोळी पडत नाही आणि त्या गल्लीतल्या देवळाचं दार उघडत नाही.

गल्लीत गणपतीचं छोटं देऊळ होतं. दाराला कुलूप. पुजाऱ्याच्या घरी गेलो, तर तो चादर पांघरून बसलेला.

"ताप आहे, सार. चार दिवस झाले."

मी कपाळाला हात लावला. "अहो, तुमचं कपाळ तर माझ्यापेक्षा गार आहे, स्वामी."

"मी काही पाहिलं नाही. मला याच गल्लीत राहायचंय. दोन मुली आहेत पदरात."

"पाहिलंत का, हे मी विचारलंच नाही. देवळाला कुलूप का, एवढंच सांगा."

त्यानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग हळूच म्हणाला, "प्रेत गल्लीत असताना देवाचं दार कसं उघडू, सार? ते पाप मी कुठे फेडू?" बोलून गेला आणि स्वतःच तोंडावर हात दाबून धरला. कुठे, म्हणून मी विचारलं. त्यानं खिडकीतून गल्लीच्या टोकाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

टोकाला पडिप्पगम होतं. भिंती अर्ध्याच, छप्पर नाही, पण आतली जमीन मात्र ताज्या सिमेंटनं गुळगुळीत केलेली. घर बांधलेला कोणीही सांगेल, फरशीचं काम शेवटी होतं.

तहसीलदार आणि पंचांच्या समक्ष आम्ही ती जमीन फोडली. मास्तर तिथेच होते. डोक्यातली माकडटोपी अजून हनुवटीखाली नीट बसलेली होती. पंचनामा करताना गल्लीतली एकूण एक खिडकी बंद होती.

पुढे एकेकानं आडून सांगितलं, मास्तर फिरायला निघाले त्या पहाटेच त्यांना पडिप्पगममध्ये ओढलं होतं. समोरची एक बाई कोलम घालायला बाहेर आली होती. तिनं पाहिलं. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं. भीतीनं कोणी तोंड उघडलं नाही. चूल बंद ठेवता येत नाही, पोरांना भूक लागते. मग प्रत्येकीनं आपला उंबरा तेवढा कोरा ठेवला.

बाईंना सांगायला मीच गेलो. त्या रडल्या नाहीत. माझ्या खांद्यावरून त्यांनी एकेका दाराकडे पाहत नजर टोकापर्यंत नेली.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "अण्णा, मी यांच्या दारात जाऊन आभार मानले हो! एकीनं तरी सांगायचं होतं."

मग आतून पाण्याची बादली आणली आणि स्वतःच्या हातानं कोलम धुऊन टाकलं.

खटला उभा राहिला. पक्षाच्या ज्या दोन पोरांनी हात चालवले त्यांना शिक्षा झाली, कारण त्यांच्या कपड्यांवर मास्तरांचं रक्त सापडलं. सेक्रेटरी सुटला. समोरच्या बाईनं कोर्टात सांगितलं, मी झोपले होते. पुजाऱ्यानं सांगितलं, मला ताप होता. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही, असं निकालात आलं.

लोक पोलिसांपासून काहीही लपवू शकतात, देवाशी मात्र खोटं वागायला घाबरतात, हे मी त्या गल्लीत शिकलो. पुढच्या नोकरीत त्याचा मला उपयोगही झाला. पण त्या शिकण्याचा मला अभिमान वाटत नाही. देवाला घाबरणारी ती माणसं त्या एका बाईला मात्र रोज कोलम घालू देत होती.

मास्तरांची अंत्ययात्रा निघाली त्याच्या दुसऱ्या पहाटे बंदोबस्तासाठी मी पुन्हा त्या गल्लीत होतो. देऊळ उघडलं होतं, घंटा वाजत होती. दारोदारी पाणी शिंपडलेलं आणि भलीमोठी कोलमं, मध्ये पिवळी फुलं. आता एकच उंबरा कोरा होता.