साओदाबाईंनी लिहिलेली पाटी

साओदाबाईंच्या वर्गातलं मूल नोकरीच्या शेवटच्या चोवीस वर्षांत एकदाही नापास झालं नाही. बाई हे स्वतःहून कधी सांगत नसत. दुसऱ्या कुणी सांगितलं की डोक्यावरची ओढणी सारखी करत "अहो, कसलं काय" म्हणत, आणि शेजारच्याला नीट ऐकू गेलं नसेल तर सांगणाऱ्याला पुन्हा सांगू देत.

मलेशियातल्या कुआला तेरंगानूला, नदी समुद्राला मिळते त्या अंगाच्या शाळेत त्या बाविसाव्या वर्षी लागल्या आणि केस पांढरे झाल्यावरच बाहेर पडल्या. हात कडक, अक्षर मोत्यासारखं. निवृत्तीनंतरही सकाळी न्याहारीचा भात, नासी दागांग, घ्यायला रांगेत उभ्या राहिल्या, की कुणीतरी टक्कल पडलेला जुना विद्यार्थी मागे सरकून म्हणायचा, "बाई, आधी तुम्ही." असं मानाचं म्हातारपण. एकाहत्तराव्या वर्षी त्याला तडा गेला तो नातीमुळे.

नात ऐनीन नऊ वर्षांची. तिची आई नोरलैला परिचारिका; पाळ्या करायची, त्यामुळे पोर दिवसभर आजीकडे. बोलायला चुरूचुरू, चित्रं काढायला पटाईत, पण वाचायचं नाव काढलं की पोटात दुखायचं. मलय भाषेत 'बूकू' म्हणजे पुस्तक. ती तिथे 'दूकू' लिहून मोकळी व्हायची, आणि दूकू म्हणजे तर बाजारात किलोवर मिळणारं फळ. रोमन अक्षरांतला ब आणि द म्हणजे एकमेकांची आरशातली रूपंच. पण बाईंच्या मते ते न ओळखणं हा निव्वळ कामचुकारपणा होता.

"दहा वेळा लिही."

ऐनीन दहा वेळा लिहायची. चारदा पुस्तक, सहादा फळ.

"वीस वेळा लिही!"

शेवटी नोरलैलाच वैतागली. "आई, वेताची छडी बाहेर निघायच्या आत मी हिला दाखवून आणते. तूही चल. कानांनी ऐक म्हणजे पटेल."

तपासणारी डॉक्टर अगदी तरुण, बाईंच्या विद्यार्थिनीची मुलगी शोभावी अशी. तिने ऐनीनला तासभर खेळवलं, लिहायला लावलं, मग बाहेर पाठवलं आणि म्हणाली, "हिचं डोकं छान चालतं. आळशीही नाही. अक्षर आणि आवाज यांची गाठ हिच्या मेंदूत आपल्यासारखी आपोआप बसत नाही, एवढंच. याला डिस्लेक्सिया म्हणतात. वेगळ्या रीतीने शिकवलं की शिकेल."

"आणि जरा धाक दाखवला तर?" बाईंनी विचारलं.

"धाक दाखवला तर रडेल, आजी. वाचणार नाही."

बाई हसल्या. "पोरी, मी छत्तीस वर्षं शिकवलंय. असं मूल माझ्या वर्गात एकही नव्हतं."

"दर वर्गात एकदोन तरी असतातच," डॉक्टर सहज म्हणाली. कुणी पावसाचं सांगावं तसं. "तुमच्याकडची कुठे गेली मग?"

उत्तर देता देता बाईंची नजर खाली गेली. टेबलावर ऐनीनची वही होती. 'दूकू' लिहिलेली. ही वही त्यांनी पाहिली होती. ही नव्हे, पण अशीच, घामाने ओली झालेली, पेन्सिलीने भोकं पडलेली. नोकरीचं पहिलंच वर्ष. तिसरीतला देरामन. दुयोंग बेटावरून होडीने यायचा तो काळा, किडकिडीत मुलगा.

नोरलैलाने हात धरून बाईंना गाडीत बसवलं. "आई, पाणी हवंय का?" त्यांना ऐकू आलं नाही.

त्या वर्षी शाळेत पाहणीला साहेब यायचे होते. देरामनने फळ्यावर पुन्हा दूकू लिहिलं आणि वर्ग हसला, तेव्हा बावीस वर्षांच्या साओदाबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी एक पुठ्ठा घेतला, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात त्यावर लिहिलं, 'मी बैल आहे. मला शिकायचं नाही.' दोन भोकं पाडून दोरी ओवली आणि पाटी त्याच्या गळ्यात अडकवली. "घरी जाईपर्यंत काढायची नाही." तो पाटीसकट होडीत बसला. पुढे महिनाभर आला आणि मग यायचाच बंद झाला. बाप होड्या बांधणारा. पोराला हाताशी घेतलं असेल, असं समजून बाईंनी हजेरीपटावर रेघ मारली. एकोणपन्नास वर्षांत त्या रेघेकडे त्यांनी वळून पाहिलं नव्हतं.

तीन दिवस बाईंनी ऐनीनला एक ओळही लिहायला लावली नाही. चौथ्या दिवशी त्या एकट्याच टॅक्सी करून पुलावरून दुयोंगला गेल्या.

घर विचारायची वेळच आली नाही. "देरामन? पोक ङाह, आपले मधले काका? तो काय, त्याचा कारखाना!" टॅक्सीवाल्याने बोट दाखवलं. पत्र्याच्या उंच छपराखाली चेंगाल लाकडाची, दोन मजली घराएवढी होडी उभी होती. लाकडाच्या खुंट्यांनी फळ्या जोडायचं काम चाललं होतं. कुठे नकाशा नाही, कागद नाही. फक्त रंगीत दोऱ्या आणि त्यांना मारलेल्या गाठी.

साठीचा एक माणूस शिडीवरून उतरला. बाईंकडे बघत राहिला. मग हात पुसून पुढे आला, वाकला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला.

"साओदाबाई. या, बसा. जपून हं, तिथे खुंट्या आहेत."

बाई हादरल्या. शिव्या ऐकायची तयारी करून आल्या होत्या. या मानाची तयारी नव्हती.

"तू ओळखलंस मला?"

"तुम्हाला कोण विसरेल, बाई!" त्याने कॉफी मागवली.

बाईंनी कॉफीला हात लावला नाही. सगळं एका दमात सांगून टाकलं: नात, डॉक्टर, दूकू. "तू आळशी नव्हतास, देरामन. मला कळलं नव्हतं. त्या पाटीबद्दल माफी मागायला आलेय मी."

देरामनने कॉफीचा कप त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "पाटीचं पुढे काय झालं, ते तुम्हाला ठाऊक नाही ना?"

"नाही."

"मला वाचता येत नव्हतं, बाई. काय लिहिलंय ते मलाच ठाऊक नव्हतं. होडीतले लोक हसले, मीही हसलो. आईला कुराण वाचता यायचं, पण ही रोमन अक्षरं तिला येत नव्हती. बाबा तर अंगठाछाप. आईने पाटी पाहिली. एवढं सुंदर अक्षर! तिला वाटलं, पोराला बक्षीस मिळालं."

बाईंचा हात सवयीने ओढणीकडे गेला.

"तिने ती बैठकीच्या खोलीत, दाराच्या वर खिळा ठोकून लावली. त्या रात्री पिवळा भात केला, कोंबडी कापली. शेजाऱ्यांना बोलावलं. तेही आमच्यासारखेच, सगळ्यांनी मान डोलावली. रोज झाडताना ती पाटी पुसायची. महिनाभर होती तिथे. मग बहिणीला मागणी आली. मुलाकडचे बघायला आले, त्यांच्यात एक कारकून होता. त्याने वर पाहिलं आणि मोठ्याने वाचलं. त्याला वाटलं, काहीतरी गंमत असेल."

छपराखाली हातोड्यांचा आवाज चालूच होता. बाईंना वाटलं, घाव आपल्याच छातीवर पडताहेत.

"आईने स्टुलावर चढून पाटी काढली. दुसऱ्या दिवसापासून मला शाळेत पाठवलं नाही. नदीपलीकडच्या बाजारालाही ती पुन्हा कधी गेली नाही. होडीतल्या लोकांना तोंड कसं दाखवायचं, म्हणायची."

"देरामन..." बाई म्हणाल्या. "मला माफ कर रे."

"मला सवय झाली, बाई. पण तुम्ही मागताय ती माफी माझी नाही. आईची होती. तिला जाऊन बारा वर्षं झाली." तो हे रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

मग तोच उठून म्हणाला, "चला, होडी बघा."

त्याने बाईंना फिरवलं. आतल्या बाजूला, हातोड्यांपासून लांब, कानांवर जाड फडकं बांधून एकजण फळ्यांच्या फटींत गेलम झाडाची साल भरत होता. त्याने मान वर केली नाही. "हा युनूस. बोलत नाही, गोंगाट सोसत नाही. म्हणून त्याची जागा इथे, आणि तो आत असला की या अंगाला कुणी ठोकत नाही. त्याने फट भरली की थेंब आत येत नाही." शिडीवरून एकजण धावत उतरला, दोरी घेऊन पुन्हा धावत चढला. "तो सेनिक. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ! बसायचं काम त्याला देतच नाही. दिवसाला शंभरदा चढतो-उतरतो. त्याच्याविना माझं पान हलत नाही."

सेनिकने वरून ओरडून विचारलं, "पोक ङाह, ही आजी गिऱ्हाईक आहे का? होडी घेणार?"

"गप रे! तुझ्या बाई आहेत त्या!"

सेनिक वाकून बघू लागला आणि त्याचा चेहरा उतरला. तोच चेहरा बाईंनी ओळखला. चौथीचा वर्ग, शेवटचा बाक. परीक्षेच्या वर्षाआधी त्यांनी त्याच्या बापाला बोलावून सांगितलं होतं, 'दुसऱ्या शाळेत याचं जास्त भलं होईल.' दरवर्षी दोघातिघांच्या आईबापांना त्या हेच सांगायच्या. हळू आवाजात, अगदी मायेने.

"इथे तुमच्या शाळेतले पाचजण आहेत, बाई," देरामन म्हणाला. "दुसरी शाळा म्हणजे बहुतेक हीच."

चोवीस वर्षांत एकही नापास नाही. बाई तिथेच लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या. आपला सगळा मान कशावर उभा होता, ते त्यांना एका क्षणात दिसलं, आणि दिसल्यावर डोळे मिटता येईनात.

पुढच्याच महिन्यात शाळेला साठ वर्षं झाली. सभागृहात बाईंचा सत्कार ठेवला होता. मुख्याध्यापकांनी नेहमीचा आकडा सांगितला, टाळ्या झाल्या. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तो आकडा खोटा आहे. जी मुलं नापास झाली असती, ती मी आधीच घालवून दिली. त्यांतल्या एकाच्या गळ्यात मी पाटी बांधली होती." आणि पाटीवर काय लिहिलं होतं, ते त्यांनी शब्दन् शब्द वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले.

"बाई, आज हे सांगायची वेळ होती का?" त्यांनी जवळ येऊन दात आवळून विचारलं.

"या वर्षी किती जणांना दुसरी शाळा सुचवलीत?" बाईंनी माइकवरूनच उलट विचारलं.

मागच्या रांगेतली एक आई पुढे आली. "माझ्या मुलाला सुचवलीय. परवाच." मग आणखी एक बाप उठला. अशी चार मुलं निघाली.

कुजबुज खूप झाली. काही जुने सहकारी बाईंशी बोलेनासे झाले; त्यांच्याही आकड्यांना बाईंनी हात घातला होता. पण चौघांची नावं शाळेतच राहिली. सामानाच्या खोलीला लागून एक खोली मिळाली. डॉक्टरने बाईंना शिकवायची रीत दाखवली: अक्षर बोटाने गिरवायचं, आवाज मोठ्याने काढायचा, घाई नाही. ऐनीन धरून मुलं पाच. मंगळवारी देरामन सेनिकला पाठवू लागला. जे बसून शिकत नाहीत त्यांना घेऊन तो अंगणात वाळूत अक्षरं काढायचा, त्यांवरून उड्या मारायला लावायचा. स्वतःही त्यांच्याबरोबर शिकायचा. देरामन मात्र शाळेच्या फाटकाच्या आत कधी आला नाही. बाईंनीही त्याला बोलावलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात एका मुलाने तेच अक्षर अकराव्यांदा चुकवलं आणि बाईंचा उजवा हात आपोआप वर गेला. मारायला. पोर डोकं झाकून खाली वाकलं. बाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. एवढं सगळं होऊनही तो मारणारा हात अजून इथेच होता.

दारातून सेनिक शांतपणे म्हणाला, "बाई, हात खाली."

बाईंनी हात खाली घेतला. पोरं आधी घाबरली, मग एकजण फिसकन हसला, मग सगळीच. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या मुलाची वही पुढे ओढली आणि विचारलं, "बाळ, तुला इथे काय दिसतंय ते मला सांगशील का?"