उजवं पातं, डावी पिसं

ऑर्व्हल स्टेन्स्रूडचा डावा हात बघितला की कॅलेंडर बघायची गरज पडायची नाही. हिवाळ्यात मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी लव असायची. जून लागला की ती विरळ व्हायला लागायची आणि ऑगस्टात हात सोललेल्या कोंबडीसारखा गुळगुळीत. बाणाच्या पात्याला धार लावली की तो ती आपल्याच हातावर पारखायचा. नुसतं टेकवल्याबरोबर केस उडाले तर पातं पास, नाहीतर परत दगडावर. सगळी हयात त्याने लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात घालवली. गिरणी बंद पडली, मॉन्टानातल्या आमच्या या खोऱ्यातली निम्मी माणसं पोटामागे निघून गेली, तरी याचा हात काही धार लावायचं सोडेना.

मी व्होंडा. शिकारी लोक जनावर आणून टाकतात, ते मी कापून, बांधून, वर नाव घालून देते. नवरा गेल्यापासून दुकान मीच चालवते. खोऱ्यातल्या प्रत्येक शिकाऱ्याच्या बढाया मी ऐकल्या आहेत आणि कातडं उतरलं की खरं काय झालं तेही मला दिसतं, म्हणून माझ्यापुढे कोणी फार फुशारक्या मारत नाही. ऑर्व्हल तर तसाही बोलणाऱ्यातला नव्हता. बोलायचं खातं डेलमारकडे होतं.

डेलमार प्रुइट हा त्याचा एकुलता एक मित्र. ऑर्व्हलने लग्न केलं नाही, आणि डेलमारने केलं होतं तरी बायको वैतागून म्हणायची की माझा नवरा ऑर्व्हलकडे नांदतो. त्यांचा बाणसुद्धा दोघांचा मिळून असायचा. पात्याचं काम ऑर्व्हलचं, मागची पिसं चिकटवायचं डेलमारचं. एक जण दगड घासतोय, दुसरा टर्कीची पिसं कातरतोय आणि तोंडाचा पट्टा चालू आहे, अशी त्यांची हिवाळ्यातली बैठक असायची. डोंगरातही तेच. एक डोंगराच्या या धारेवर बसायचा, दुसरा पलीकडच्या. जनावर पडलं की शीळ घालायची, मग दोघांनी मिळून फोडायचं आणि पाठीवर घालून खाली आणायचं. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत शेगडीत लाकूड सारता सारता डेलमार गेला. त्याच्या मुली स्पोकेनहून आल्या, घर विकलं, आणि तयार बाणांचं एक खोकं ऑर्व्हलच्या ओसरीत ठेवून परत गेल्या.

त्यानंतरच्या सप्टेंबरात ऑर्व्हल एकटा डोंगरात गेला. खांदा दुखत होता, म्हणून जुनं जड धनुष्य ठेवून हलकं घेतलं होतं. एका एल्कच्या मादीवर त्याने बाण सोडला. एल्क म्हणजे आमच्या डोंगरातलं बैलाएवढं हरीण. बाण खांद्याच्या हाडावर बसला आणि तिथेच अडला. मादी तशीच झाडीत घुसली. रक्ताचे थेंब थांबले तिथून पुढे तो रांगत रांगत शोधत होता म्हणे, पण ती मिळाली नाही.

मग त्या सबंध मोसमात तो माझ्या दुकानात यायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. कोणी मादी आणली का, खांद्यात बाणाचं टोक असलेली? मी नाही म्हणायचे. तो मान हलवून जायचा. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची. लोक हरणं जखमी करतात आणि संध्याकाळी बारमध्ये बसून हसतात, आणि हा एका मादीपायी झुरत होता. शेवटी एकदा त्याने मला सांगितलं की हाड फोडून पलीकडे जाणारा बाण जमला तरच मी पुन्हा जनावरावर सोडीन, नाहीतर धनुष्य विकून टाकीन. धनुष्य गेलं तर या माणसाकडे काय उरणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

वसंतात तो गाईच्या खांद्याची हाडं मागायला आला. सूपवाल्यांना देते त्याच भावाने घे म्हटलं, तर म्हणाला, ओलं कातडंही लागेल. मग मला सगळा बेत कळला. त्याच्या कोठाराच्या मागे गवताच्या गठ्ठ्यापुढे तो ते हाड टांगायचा, कातड्यात गुंडाळलेलं, आणि शिकारीत असतं तेवढ्याच अंतरावरून मारून बघायचा. पातंही नेहमीचं नव्हतं. नेहमीच्या पात्याला दोन्ही अंगांनी धार असते. हे सुताराच्या पटाशीसारखं, एकाच अंगाने उतरतं. त्याचं म्हणणं असं की असं पातं हाडात शिरलं की सरळ जात नाही, पिळा घेतं, आणि त्या पिळ्याने हाड आपोआप उकलतं. हलक्या धनुष्याला तेवढीच मदत. बोलता बोलता त्याने काउंटरवर बोट फिरवून दाखवलं. डेलमार गेल्यापासून त्याला एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं.

पहिलं पातं स्वस्तातलं होतं. त्याचं टोक हाडावर बसल्याबरोबर पोळीच्या कडेसारखं दुमडलं. दुसरं इतकं कडक की त्याचा टवकाच उडाला. करवतवाल्याला पोलादाचं काय सांगायचं, तो स्वतःवरच चिडला. तिसरं त्याने चांगलं महागाचं मागवलं, जाड टोकाचं. ते ना दुमडलं, ना तुटलं. पण हाडात निम्मं जाऊन रुतून बसलं. दुसऱ्या हाडात तसंच. तिसऱ्यातही तसंच.

त्या दिवशी तो हाड घेऊनच दुकानात आला, बाणासकट. पातं महागाचं आहे, हाड करवतीवर कापून सोडवून दे म्हणाला. चेहरा असा की कोणाची तिरडी उचलून आलाय. म्हणाला, खांद्यातच दम राहिला नाही, पात्याला बोल लावण्यात अर्थ नाही. फ्रेंचटाउनचा एक पोरगा धनुष्य विकत मागतोय, त्याला देऊन टाकतो.

मी हाड कापलं. माझं आयुष्य हाडं कापण्यात गेलंय, तेव्हा चीर कशी असते ते मला कोणी शिकवायला नको. ही चीर सरळ होती. सुरी खुपसावी तशी.

"ऑर्व्हल, तू म्हणालास हे फिरतं," मी म्हटलं. "हे कुठे फिरलंय? हे आपलं शहाण्या मुलासारखं नाकासमोर गेलंय."

त्याने चीर बघितली. मग बाण उचलला, तोंडाजवळ धरला आणि मागच्या पिसांवर हळूच फुंकर मारली. बाण त्याच्या बोटांत फिरला. त्याने परत फुंकर मारली. मग पातं डोळ्यांपुढे धरून त्याचा उतार बघितला आणि माझ्या स्टुलावर बसला.

बाण डेलमारच्या खोक्यातला होता आणि पिसं डाव्या पंखाची होती. टर्कीच्या डाव्या पंखातल्या पिसाला एका बाजूचा बाक असतो, उजव्याला दुसऱ्या बाजूचा, आणि त्या बाकाप्रमाणे बाण हवेत गिरकी घेतो. डेलमारचा बाण डावीकडे गिरकी घेत जायचा, आणि हे पातं घासलेलं होतं उजवीकडे फिरण्यासाठी. म्हणजे हाडाशी पोचेपर्यंत एकाची ओढ इकडे आणि दुसऱ्याची तिकडे. घोडं तिथे पेंड खात होतं. दोन्ही अंगांना धार असलेल्या जुन्या पात्याला पिसं कुठलीही चालायची, म्हणून इतक्या वर्षांत हे कधी पुढे आलंच नाही.

"पिसं चिकटवायचा त्याचा साचा डावा होता," ऑर्व्हल म्हणाला. "सगळी वर्षं त्याच्या शेजारी बसलो. कधी बघितलंही नाही, विचारलंही नाही. पिसं त्याचं काम होतं."

मी व्यवहाराचं बोलले. म्हटलं, एवढंच ना, मग ती पिसं ओरबाडून काढ आणि उजवी चिकटव, टर्क्यांना काय तोटा आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी कबर उकरायला सांगतेय. मला उशिरा उमगलं. खोक्यातले ते बाण संपले की डेलमारच्या हातचं काहीच शिल्लक राहणार नव्हतं. मी हाडाचे पैसे घेतले नाहीत.

मग त्याने डावं पातं शोधायला सुरुवात केली. गावातला दुकानदार म्हणाला, सगळं जग उजवंच घेतं, डावं कोण ठेवतो, मागवावं लागेल. मागवलं. यायला जुलै उजाडला. मग दगड, मग चामड्याचा पट्टा, मग हाताचे केस. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना तो आत आला आणि त्याने हाडाची दोन शकलं काउंटरवर ठेवली. मधोमध, लाकूड फाटावं तशी उकललेली. बाण पलीकडे गवतात पिसांपर्यंत गेला होता म्हणाला. गिऱ्हाईक बाई नाक मुरडून बाजूला झाली. ऑर्व्हल हसत होता. त्याचे खालचे दोन दात पडलेत हे मला त्या दिवशी समजलं.

सप्टेंबर लागला. तो रोज पहाटे जायचा आणि अंधार पडायच्या आत परतायचा. त्याची गाडी माझ्या दारावरूनच जाते. मागचा हौदा रिकामा असायचा. माझ्याकडे मोसमाची झुंबड होती, मान वर करायला फुरसत नव्हती, तरी गाडीचा आवाज आला की मी हौद्याकडे बघायचे.

महिना सरत आला तेव्हा एका संध्याकाळी, दुकान आवरताना, तो मसाल्याचे सॉसेज घ्यायला आला. सॉसेज घेतले तरी जाईना. काउंटरवरचा चाकू सरळ करून ठेवला, पुन्हा वाकडा केला. मग सांगायला लागला.

नर आला होता. झऱ्याच्या वरच्या चिखलात, मोठ्या शिंगांचा, कूस याच्याकडे करून उभा. अंतर असं की पोरानेही मारावं. वारा याच्या बाजूचा. त्याने धनुष्य पूर्ण ताणलं. खांदा दुखला नाही. पातं त्याला हवं त्या जागेवर टेकलेलं दिसत होतं.

"आणि?"

"आणि दोरी परत सैल केली. हळूच. बाण काढून भात्यात ठेवला."

मी चक्रावले. विचारलं, घाबरलास का, पात्यावर भरवसा नव्हता का.

"पातं आरपार गेलं असतं," तो म्हणाला. "तीच तर भीती. तो पडला असता. दुपारची वेळ, ऊन असं की अंगात शर्ट नको. एवढं जनावर मी एकट्याने फोडून कधी खाली आणणार? दोन खेपांत माझा जीव गेला असता आणि वर मांस नासलं असतं. नाहीतर अस्वलाने खाल्लं असतं. धनुष्य ताणलेलं असताना मी विचार केला, शीळ कुणाला घालू? कोणी आठवलंच नाही, व्होंडा. उन्हाळाभर पातं पारखलं, आणि हे डोक्यातच आलं नाही."

मांस डोंगरात सोडून येणं आमच्याकडे चोरीहून वाईट. त्याने केलं ते बरोबरच होतं. पण मला जो राग आला तो आवरेना. माझं घर त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर. एल्क फोडणं हा माझा धंदा. उन्हाळाभर त्याने माझी हाडं नेली, माझ्या करवतीवर बाण सोडवले, फुटलेली शकलं सगळ्यात आधी मला आणून दाखवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं.

"मी आठवले नाही तुला?" मी म्हटलं.

तो खरंच विचार करायला लागला. त्याने खोटं तरी बोलावं, पण तो खोटं बोलत नाही.

"नाही," तो म्हणाला. "तू दुकानात असतेस."

मी बराच वेळ काउंटर पुसत राहिले. वाईट वाटलं, चांगलंच लागलं. नवरा गेल्यापासून मलाही कोणी दुकानाबाहेर कुठे बोलावलेलं नाही, आणि मीही कोणाकडे गेले नाही. शीळ घालायला त्याला मी आठवले नाही, पण माझ्यावर तशी वेळ आली असती तर मलाही कोणाचं नाव सुचलं नसतं.

मोसमाच्या शेवटच्या शनिवारी मी दुकान बंद ठेवलं. दारावर पाटी लावली, फोनची वायर काढली. शीतखोलीत लोकांची जनावरं लटकत होती ती लटकू दिली. नवऱ्याची ओझं वाहायची पाठचौकट माळ्यावरून काढली, चाकू गुंडाळून घेतले आणि पहाटे ऑर्व्हलच्या ओसरीत जाऊन उभी राहिले. तो बूट बांधत होता. माझ्याकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं.

"तो परत यायचा नाही," तो म्हणाला. "एकदा सोडलेला नर तिथे परत येत नाही."

"नाही आला तर नाही. चल."

आम्ही निघालो. तो पुढे, मी मागे. मागे वळून बघितलं नाही, आपल्याच चालीने झपाझप चालला होता. पायवाट दाट झाडीत शिरली तिथे त्याने एक फांदी बाजूला केली आणि सोडून दिली. ती सपकन माझ्या तोंडावर बसली. डोळ्यांतून पाणी आलं. मी इतकंच म्हटलं, "ऑर्व्हल, मागे माणूस आहे."

तो थांबला. दहा पावलांवर दुसरी फांदी आली. ती त्याने हाताने बाजूला धरली आणि मी वाकून पार होईपर्यंत धरून उभा राहिला. मी पुढे निघून गेले तरी तो फांदी धरून तसाच उभा होता, मागून अजून कोणी यायचं असल्यासारखा.