चालता चालता मानपान

चहात साखरेऐवजी मीठ पडलं, ते मी हसण्यावारी नेलं. पण गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारत बसले आणि पातेल्याचा कोळसा झाला, तेव्हा मात्र घाबरले. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ती मलाच विचारायची, "तुमी कुनाच्या?"

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. रोज चाला, आणि चालताना डोक्यालाही काम द्या. शंभरातून सात-सात वजा करत जा. घ्या! जे शाळेत बाकावर बसून जमलं नाही, ते म्हातारपणी चालता चालता जमायचं.

श्रीरामपूरला कालव्याच्या कडेने मी आणि माझी थोरली नणंद सकाळी चालायला जातो. आकडा आठवायला गेलं की माझे पाय थांबायचे, पाय उचलले की आकडा पळायचा. मनात यायचं, झालं, निघालो आपण आईच्या वाटेने.

"जळली मेली ती वजाबाकी," एक दिवस नणंद वैतागली. "तुमच्या लेकीच्या लग्नात मानपानाच्या साड्या तुमीच घेतल्या ना? कुनाला कंची दिली, सांगा घरवार."

मी सुरू झाले. थोरल्या जाऊबाईंना हिरवी इरकल. मामींना अबोली. श्रीगोंद्याच्या आत्याबाईंनी काठ बारीक म्हणून साडी परत धाडली, रुसून जेवल्यासुद्धा नाहीत. किती मिनतवाऱ्या केल्या तेव्हा पानावर बसल्या.

"आन् मला?"

"जांभळी. लाल काठाची."

"काहीतरीच. मोरपंखी हुती."

"जांभळीच, वन्सं."

"न्हाई वहिनी. तुमाला आठवत न्हाई."

बोलून गेली बिचारी, पण माझं तोंडच उतरलं. दिवसभर भाजी निवडताना डोळ्यांपुढे कधी जांभळी यायची, कधी मोरपंखी. मला कशाचीच खात्री वाटेना.

दुसऱ्या दिवशी नणंद लांबूनच दिसली. खाली चालायचे बूट आणि अंगावर घड्यांच्या खुणा पडलेली लग्नातली साडी. जांभळी. लाल काठाची. माझा जीव भांड्यात पडला. भर रस्त्यात मी तिचा पदर हातात धरून रडले.

"सगळं कपाट उपसलं," ती म्हणाली. "मीच इसरले हुते, वहिनी. काल तुमी सगळी घरं सांगितली, एकदा तरी पाय थांबला का तुमचा?"

खरंच थांबला नव्हता.

"मंग आता कशाला थांबल्या? चला, फुडचं घर सांगा."