विमानामागे होडी

सप्टेंबर १९८८. कोपरीच्या घरी मी फाटलेलं जाळं सांधत बसले होते. परदेशात पाण्यावर आलेल्या माशांच्या झुंडी विमानातल्या रडारवर दिसतात, असं नवऱ्याने पेपरात वाचलेलं. तेव्हापासून खाडीवर विमान घिरट्या घालताना दिसलं, की यांची होडी त्याच्यामागे.

"अहो, उतरायला जागा मिळेना म्हणून फिरतंय ते. आत माणसं बसलीत!"

"तुला काय कळतंय रडारातलं?"

आठवडाभर जाळं रिकामं. माझी टोपली दिसली नाही, तर बाजारातली जागा दुसरी बाई घेणार होती. त्या दिवशीही हे हात हलवत परतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी होडी दिराच्या हाती दिली. त्याने आणलेली कोलंबी विकायला नवऱ्याला माझ्या जागेवर बसवलं. तिथे वर पत्रा आहे, आभाळ दिसत नाही.