आतून उघडणारं दार

"आत बसा, दार लावून घ्या आणि मला हाक न मारता बाहेर या."

भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या कॉलनीत शेजारच्या काकांच्या फाटकातून कुणीही आत शिरलं, की चहापाण्याच्या आधी हे वाक्य यायचं. पोर्चमध्ये, उजव्या अंगाने भिंतीला चिकटून, त्यांनी स्वतः बांधायला घेतलेली मोटार उभी असे. जुन्या विलायती स्पोर्ट्स कारची नक्कल. दोन माणसांची, बुटक्या छताची, फायबरच्या अंगाची. पाहुण्याने डाव्या सीटवर बसायचं, दार ओढून घ्यायचं आणि आतलं हँडल ओढून उघडायचं. उघडलं, की ते मान हलवायचे आणि चहा ठेवायला आत जायचे. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, मुलांच्या परीक्षा घेतल्या, पण चहासाठी परीक्षा दिली ती त्यांच्याकडेच.

सोनागिरीजवळच्या मोठ्या कारखान्यात ते फोरमन होते. तरुणपणी पुण्याहून आले, निवृत्त झाले आणि इकडे छोटंसं घर घेऊन एकटेच राहू लागले. मासिकातून कापलेलं एका लाल मोटारीचं चित्र त्यांच्या गोदरेजच्या कपाटाला आतून चिकटवलेलं होतं. ते त्यांच्या बायकोने लावलेलं. ती आता नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

तुमच्याही गल्लीत असा एखादा छंदिष्ट असेल. त्याची फार चौकशी कुणी करत नाही, थट्टा मात्र सगळे करतात. यांची गाडी आरटीओ कधीच पास करणार नाही, असं सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना येताजाता ऐकवायचे. त्यावर ते म्हणायचे, "दारं झाल्याशिवाय मी इंजिनालाच हात लावणार नाही. आरटीओचं मग बघू."

आणि दारं काही होत नव्हती. भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीची लॅचं त्यांनी आणली होती. चौकटीवर एक खुंटी आणि दारात तिला पकडणारा जबडा, एवढंच ते यंत्र. पण फायबरचं अंग पत्र्यासारखं ताठ राहत नाही, केसभर इकडेतिकडे झालं की जबडा अडकतो. मग खुंटीमागे एक पातळ वॉशर घाल, एक काढ, पुन्हा दार लाव, असं चालायचं. दार लागताना दोनदा 'टक्' व्हायला हवं. पहिला अर्धा, दुसरा पुरा. ते दाराला कान लावून ऐकत.

एवढ्यावर भागत नसे. ते एका चाकाखाली जॅक लावून गाडी तिरपी करत आणि मग आम्हाला आत बसवत. संधिवाताने बोटं वाकलेल्या माझ्या सासूबाईंना बसवलं. मला हाताला तेल चोळून बसवलं. कधी डावा हात, कधी डोळे मिटून. एकदा मी वैतागून विचारलं, "काका, सारखं बाहेरच पडायचं आहे, तर या गाडीत बसायचं तरी कशाला?" एरवी थट्टेला थट्टेने उत्तर देणारा तो माणूस त्या दिवशी जॅकचा दांडा तेवढा फिरवत राहिला.

दुसरा त्यांचा हट्ट भाषेचा. मी जन्माने भोपाळची. आमच्या मराठीत हिंदी कधी शिरते ते आम्हालाच कळत नाही. एकदा मी सहज म्हणाले, "उद्या लवकर यायची चेष्टा करते." ते शांतपणे म्हणाले, "चेष्टा नका करू, बाई. प्रयत्न करा." मी खूप हसले, पण ते प्रत्येक शब्दाला अडवू लागले तेव्हा मला राग यायला लागला. एक तर मराठी बोला नाहीतर हिंदी, मिसळू नका, असं ते सांगायचे. मला वाटे, पुण्याचा तोरा चाळीस वर्षांत उतरलेला नाही.

त्यांची मुलगी पुण्याला असते. रविवारी तिला फोन व्हायचा, दोन मिनिटांचा. फोन ठेवताना ते ठरलेलं बोलत, की दारांचं काम आटोपत आलंय, एकदा येऊन बसून जा. तिला डाव्या सीटवर बसवायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती. ती येत नव्हती.

मग एका दुपारी जवाहर चौकातून टेम्पोवाला पुढची काच घेऊन आला. आम्ही दोघांनी काच धरून उतरवली. तेवढ्यात त्याला फोन आला, आणि तो मोठ्याने म्हणाला, "हाँ भैया, गाडी खाली है, आ जाता हूँ."

काका मटकन पायरीवर बसले.  टेम्पो गेल्यावर मी पाणी आणलं, ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं आणि सांगायला लागले.

अकरा वर्षांपूर्वी नवराबायको दोघं नागपूरहून परतत होते. थंडीचे दिवस, भरदुपार. एका वळणावर गाडी रस्ता सोडून खोल नाल्यात गेली. काका खिडकीतून कसेबसे बाहेर पडले. तिच्या बाजूचं दार उघडेना. ती शुद्धीवर होती, बोलत होती, आतून हँडल ओढत होती. यांनी बाहेरून जीव खाऊन ओढलं. मग मदत आणायला चढून रस्त्यावर आले. डोक्यातून रक्त वाहत होतं. एक ट्रक थांबला, माणसं उतरली. काका हातवारे करून सांगत राहिले, "गाडी खाली है, गाडी खाली है."

त्या माणसांनी ऐकलं, की गाडी रिकामी आहे. आत कुणी नाही. त्यांनी देवाचे आभार मानले, 'बाऊजी, बाऊजी' म्हणत यांना उचलून ट्रकमध्ये निजवलं आणि दवाखान्याकडे निघाले. वाटेत यांची शुद्ध गेली. परत आली तेव्हा दिवस मावळला होता. तिच्यापर्यंत माणसं पोचली, पण उशिरा.

"चाळीस वर्षं हिंदीत नोकरी केली, बाई," ते म्हणाले. "'नीचे' हा शब्द दिवसातून शंभरदा तोंडात यायचा. त्या दिवशी मराठी आली. बायको आत आहे, हे म्हणायचं राहून गेलं. मला वाटत होतं, मी सगळं सांगतोय."

दवाखान्यात मुलीने एकच विचारलं होतं, की तुम्ही बाहेर आलात, मग आई का नाही आली. त्यानंतर ती बापाच्या शेजारी कुठल्याही गाडीत बसली नाही. मी म्हटलं, तिला हे सांगा, शब्दाचा घोळ झाला म्हणून सांगा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "शब्दामागे लपल्यासारखं होईल," म्हणाले.

मला माझ्या सगळ्या थट्टेची लाज वाटली. त्यांच्यासमोर मी जपून बोलू लागले, आणि मग अडवायला त्यांना काही उरलं नाही. दुपारी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांच्या पोर्चमधून तो दुहेरी 'टक्' ऐकू यायचा. पाहुणा कुणी नसायचा. एकदा जाऊन पाहिलं, तर ते स्वतः डाव्या सीटवर डोळे मिटून बसले होते आणि हात दारावरून फिरवत होते. तिचा हात कुठे कुठे गेला असेल ते बघतोय, म्हणाले. मी चहा न घेताच घरी आले. 

या जानेवारीत एका सकाळी दुधाची पिशवी त्यांच्या फाटकावर तशीच लटकत राहिली. झोपेतच गेले होते.

मुलगी आली. दहाव्याचं आटोपल्यावर मी तिला पायरीवर बसवून सगळं सांगितलं. लपल्यासारखं होवो की काही होवो, मला ते पोटात ठेवणं शक्य नव्हतं.  ती उठून डाव्या सीटवर जाऊन बसली. दार लावलं, एका बोटाने उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. तेव्हा कुठे ती रडली.

मग तिला बाबांच्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या जागेवर बसावंसं वाटलं. ते दार भिंतीकडे होतं. तिकडून काकांनी कधी कुणाला बसवलं नव्हतं. आम्ही वॉचमनला हाक मारली आणि तिघांनी ढकलून गाडी पोर्चबाहेर घेतली. ती बसली. दार लागलं, दोनदा स्वच्छ 'टक्' झालं. उतरायला तिने हात नेला आणि तो दारावर चाचपडत राहिला.

आत हँडल नव्हतं. मी काचेला नाक लावून पाहिलं. काम अपुरं राहिलं म्हणावं, तर दाराचं अस्तर काठाकाठाने सुबक शिवून बसवलेलं होतं. हँडलसाठी भोकच पाडलेलं नव्हतं. खिडकीची काचही चौकटीत कायमची बसवलेली. डावीकडची व्यक्ती तिच्या दाराने आधी बाहेर पडेल, तेव्हाच चालवणाऱ्याला वाट मिळेल, अशी ती गाडी त्यांनी बांधली होती.

मी बाहेरून उघडायला हात घातला. काचेआड तिने मान हलवून नको म्हटलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती तशीच बसून राहिली.